कोवळ्या उन्हाने भागणार नाही

महोदय,

‘कोवळे ऊन घ्या, ड जीवनसत्त्व मिळेल’ असा सल्ला देणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. हेतू चांगला, पण सल्ला अपुरा आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण सकाळी फार थोडे पोहोचतात, ते दुपारच्या सुमारास भरपूर असतात. मराठवाड्यात मात्र पारा चाळिशीपार गेला की दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, असे आरोग्य खातेच सांगते आणि ते योग्यच आहे.

शिवाय ऊन सगळ्यांच्या अंगाला सारखे लागत नाही. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर रानात असतात, पण साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल. उघडी राहतात ती बोटे. सत्तरीतल्या माणसाची त्वचा तर तरुणाच्या मानाने हे जीवनसत्त्व बरेच कमी बनवते. ते कमी पडले की हाडे दुखू लागतात, म्हणून घरात बसलेल्या आजींची कंबरदुखी ‘वयाची’ म्हणून सोडून देणे मला पटत नाही. मनाने ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या घेत राहणेही धोक्याचेच, अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत निदान हाडे दुखणाऱ्या साठीपुढच्या स्त्रियांची तरी ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी मोफत व्हावी.

– एक वाचक, परभणी