चहा खातात तो कसा?

क्योतो (जपान), 30 जून

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मी पाठवलेले छायाचित्र पाहून आईने विचारले, की वाटीतले ते हिरवे म्हणजे पालकाची पातळ भाजी आहे का. आणि ती चहाची मिठाई आहे असे मी सांगताच बाबा म्हणाले, ‘‘चहा पितात हे ठाऊक होते, खातात तो कसा?’’ तेवढ्यात आपल्याकडची वीज गेली आणि उत्तर राहून गेले. ते आता सविस्तर लिहिते. बाबांना भिंग न घेता वाचता यावे म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे.

ते छायाचित्र उजी गावातले. क्योतोहून साध्या गाडीने अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते. स्टेशनाबाहेर पडल्यापासूनच भाजलेल्या चहाचा वास सोबत चालू लागतो. नदीवर जुन्या घाटाचा पूल आहे, आणि पुलाच्या टोकाशी चहाचे एक दुकान आहे, जे 1160 सालापासून चालत आल्याचे सांगतात. जवळच ब्योदो-इन हे मंदिर आहे. त्याचा 1053 साली बांधलेला, तळ्यात प्रतिबिंब पडणारा मंडप इथल्या दहा येनच्या नाण्यावर कोरलेला आहे. बाबांच्या नाण्यांच्या डब्यासाठी असे एक कोरे नाणे मी बाजूला काढून ठेवले आहे.

हा हिरवा चहा, म्हणजे माचा, आपल्या चहाच्याच झाडाचा. फरक इतकाच, की कोवळी पाने खुडण्याआधी सुमारे तीन आठवडे मळ्यावर मांडव घालून ऊन अडवतात. पूर्वी त्यासाठी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा वापरत, आता बहुतेक ठिकाणी काळे कापड असते. बाबा, तुम्ही आठवीच्या मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवत होतात, म्हणून यातली गंमत तुम्हाला लगेच कळेल: प्रकाश कमी पडला की पान हरितद्रव्य वाढवते आणि गर्द हिरवे होते, शिवाय थिअनीन नावाचे जे द्रव्य उन्हात तुरट बनले असते, ते तसेच राहून चवीला एक खोल गोडी देते. मग पाने वाफवून, न वळता वाळवतात आणि देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. असे एक जाते तासाभरात जेमतेम चाळीस ग्रॅम पूड देते, कारण भरभर फिरवले तर दगड तापून वास उडतो. आजी परसदारच्या जात्याशी बसून ‘‘घाई केलीस तर पीठ करपेल’’ म्हणून मला दटावत असे. तेव्हा मला ती थाप वाटायची.

तर बाबांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की इथे पान गाळून टाकत नाहीत. ते पुडीच्या रूपाने सगळेच पोटात जाते, आणि एकदा पूड झाली की ती आइस्क्रीममध्ये, केकमध्ये, खरवसासारख्या थरथरत्या पुडिंगमध्ये, कशातही घालता येते. खरे सांगायचे तर यातले बरेचसे मला आवडत नाही. स्टेशनावरच्या दुकानांतून मिळणाऱ्या हिरव्या आइस्क्रीममध्ये साखरच एवढी असते, की चहा केवळ रंगापुरता उरतो.

पण त्या दिवशीची वाटी निराळी होती. तळाशी अझुकी नावाच्या बारीक तांबड्या कडधान्याचे पुरण होते. ते दोन प्रकारचे करतात, एक दाणे अख्खे ठेवून आणि दुसरे चाळणीतून घासून, साले काढून. हे दुसरे पाहिले की आईच्या पुरणयंत्राची आठवण येते. त्यावर माचा घातलेली वाराबीमोची होती. ती मुळात एका नेच्याच्या मुळातील सत्त्वापासून करतात. मात्र ते सत्त्व फार महाग असल्याने हल्ली बहुतेक ठिकाणी रताळ्याचा वगैरे स्टार्च वापरतात. खाताना अगदी गव्हाच्या चिकासारखी लागते. वर भाजलेल्या सोयाबीनचे पीठ भुरभुरतात, ज्याचा वास मसाले न घातलेल्या मेतकुटासारखा असतो, आणि त्यावर काळ्या साखरेचा पाक ओततात. आई, तो पाक म्हणजे जवळजवळ आपली काकवीच. साताऱ्याहून इतक्या दूर येऊन मी काकवी चाटत बसले होते, याचे मला हसू आले.

या मिठाया चहाबरोबर नव्हे, चहाच्या आधी खातात, हे मला इथे येऊन कळले. आधी गोड घास संपवायचा, आणि त्याची चव जिभेवर असतानाच बांबूच्या रवीने फेसलेला बिनसाखरेचा कडू चहा प्यायचा. पहिल्या वेळी मी आपल्या सवयीप्रमाणे एक घास, एक घोट असे करू लागले, तेव्हा शेजारच्या आजींनी हळूच माझी बशी पुढे सरकवली. पाडव्याला कडुनिंबाची चटणी आपण गुळात मिसळूनच खातो. इथे दोन्ही वेगळे ठेवून एकामागून एक घेतात, एवढाच काय तो फरक. बाबा मात्र तो पाला गुळाशिवाय, तोंड वाकडे न करता खातात, त्यामुळे त्यांना हा चहा नक्की आवडेल.

आज अर्धे वर्ष संपले. या दिवशी क्योतोत मिनाझुकी नावाची त्रिकोणी वडी खातात. तांदळाच्या पिठीची ही वाफवलेली वडी गार झालेल्या मोदकाच्या पारीसारखी लागते आणि तिच्यावर अझुकीचे दाणे पसरलेले असतात. पूर्वी हिवाळ्यात साठवलेला बर्फ उन्हाळ्यात राजदरबारी जात असे. सामान्यांच्या हाती तो लागत नसे, म्हणून त्यांनी बर्फाच्या तुकड्याच्या आकाराची वडी केली, असे सांगतात. मी माचा घातलेली हिरवी वडी आणली. त्याआधी देवळात गवताच्या मोठ्या कड्यातून तीन वेळा जाऊन आले. गेल्या सहा महिन्यांची इडापिडा त्याने जाते म्हणे. आईचे गुडघे आणि बाबांची साखर यांचाही मी मनात उल्लेख केला, दुसऱ्यांसाठी चालत असेल असे धरून.

बाहेर आषाढासारखा पाऊस लागला आहे. संध्याकाळनंतर मी माचा घेत नाही, झोप उडते. त्याऐवजी भाजलेल्या पानांचा तपकिरी होजिचा करते. तो स्वस्त, साधा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. घरी आल्यावर सर्वांत आधी तोच करून घालीन.

माचाचा डबा उघडल्यावर तो लवकर फिका पडतो, म्हणून टपालाने पाठवत नाही. दिवाळीत येताना ताजा आणीन. बांबूची रवीही आणते आहे, तेव्हा आईने ताकाची रवी घासून ठेवू नये. चहाआधी गोड घास हवा, त्यासाठी आपला कंदी पेढा चालेल. बाबांना त्यातला अर्धा द्यायचा की पाव, हे डॉक्टरांना विचारून आईने ठरवावे.

तुमची,
धाकटी