'तर्फे' लिहायचं राहिलं आणि...

संपादक महाशय,
स. न. वि. वि.
आमच्या देवगडात आंब्याच्या सीझनआधी खतफवारणीसाठी व्यापाऱ्याकडून ॲडव्हान्स उचलतात हे सगळ्यांना माहीत आहे, तर दोन वर्षांपूर्वी काका मुंबईला ॲडमिट होते म्हणून त्यांच्या कलमांसाठी पैसे मी घेतले आणि प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे पैसे परत करीन अशा लेखी वचनावर, रेव्हेन्यू स्टॅम्पवर झोकात सही ठोकली, फक्त माझं नाव, 'काकांतर्फे' वगैरे काही नाही. व्यापारी म्हणाला, "मार रे सही, काय होवचा नाय!" पुढे मोहोर गळला, पैसे थकले, नोटीस आली ती माझ्याच नावाने. बाग काकांची, खत काकांचं, देणेकरी मी!

वकिलांनी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 मधलं कलम 28 दाखवलं. दुसऱ्याच्या वतीने सही करतोय किंवा जबाबदारी माझी नाही असं त्या कागदावरच लिहिलं नाही तर सही करणारा स्वतः अडकतो, मग ती प्रॉमिसरी नोट असो, हुंडी असो की चेक. एकच पळवाट, देणं फक्त ज्याच्या वतीने सही केली त्याचंच राहील असा समज करून देऊन ज्याने सही घेतली त्याला ते आपल्याकडून वसूल करता येत नाही, पण तसं झालं हे कोर्टात पटवायचं कोणी, तिथे मी, व्यापारी आणि चहाचे दोन ग्लास एवढेच होतो.

काका अजून म्हणतात, "बघू रे पुढच्या सीझनाक."

- एक वाचक, देवगड