जीव वाचल्यानंतर दाखवायचं कुणाला?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेले, मणक्याला मार बसलेले, अपघातात पाय गेलेले पेशंट माझ्याकडे येतात आणि त्यांच्या घरचे हमखास विचारतात, "मॅडम, आता पुढं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?" उत्तर मला ठाऊक आहे. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनच्या, म्हणजे पीएमआरच्या डॉक्टरला. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी करून ही मंडळी हेच शिकलेली असतात: अधू झालेल्या माणसाला पुन्हा उठतं-बसतं करायचं, कामाला लावायचं. पण आमच्या जिल्ह्यात असा डॉक्टर मला सापडत नाही. शेजारच्या जिल्ह्यांतही चौकशी करून झाली.

"फिजिओ चालू आहे ना, मग आणखी डॉक्टर कशाला?" हे मी फार ऐकते. मी व्यायाम करून घेते, स्प्लिंट बांधते. औषध आणि इंजेक्शन माझ्या हातात नाही. लकव्याच्या एका आजोबांची मूठ इतकी आवळली होती की नखं तळव्यात रुतून जखम झाली होती. आत पाणी पोचत नसल्यानं वास येत होता. सून रोज मुठीत रुमालाची गुंडाळी सरकवायला बघायची आणि ते कळवळायचे. अशा वेळी नेमक्या स्नायूत बोटुलिनमचं, म्हणजे आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं तर हात तीन-चार महिने सैल राहतो, आणि तेवढ्यात व्यायामानं पुष्कळ काही साधता येतं. पण ते द्यायचं कुणी? फिजिशियनच्या लेखी बीपी आटोक्यात आहे, ऑर्थोच्या लेखी हाड शाबूत आहे. मग घरचे कुणाच्या तरी सांगण्यावरून कबुतराचं रक्त चोळतात. त्यांना मी बोल लावत नाही. दुसरी वाट त्यांना कुणी दाखवलेलीच नसते.

मणक्याच्या पेशंटचे हाल याहून वाईट. स्लॅबवरून पडलेला तरुण गवंडी ऑपरेशन होऊन घरी येतो तो कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावूनच, आणि ते तसंच राहतं. दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी स्वतः कशी काढायची, हे अशा बऱ्याच जणांना शिकवता येतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे घरच्यांना शिकवता येतं. शिकवलं नाही, तर एकीकडे इन्फेक्शन किडनीपर्यंत जातं आणि दुसरीकडे बेडसोर, म्हणजे एका जागी पडून राहून झालेली जखम, हाडापर्यंत. मोठ्या ऑपरेशनमधून वाचलेला पोरगा अशा टाळता येण्यासारख्या गोष्टींनी जातो, तेव्हा मला संताप येतो.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून या कामासाठीच उभी आहे. तिथे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम हातपाय बनवणारे एकाच ठिकाणी भेटतात. पण कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला इथून रात्रभर रेल्वेनं नेणं म्हणजे नव्या बेडसोरला आमंत्रण. सोबतच्या दोघांची मजुरी बुडते ती वेगळीच.

दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं, ३ डिसेंबर २०२२ ला. त्याचा मला अभिमान आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांचं बोर्डही बसतं आणि दिव्यांगत्व किती टक्के ते लिहून मिळतं. ते टक्के वाढू नयेत म्हणून उपचार करणारा डॉक्टर मात्र त्या इमारतीत नसतो. त्यातच २०२३ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं वैद्यकीय महाविद्यालयांच्या सक्तीच्या विभागांतून पीएमआर वगळला. विभागच नसेल तर एमबीबीएसच्या पोरांना हा विषय दिसणार कुठे, आणि उद्या ते पेशंट पाठवणार कुणाकडे?

आयोगाचे निकष किमान आहेत, महोदय. त्याहून जास्त करायला राज्याला कुणी अडवलेलं नाही. धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथे नवी सरकारी महाविद्यालयं आली आहेत. त्यांची पदं ठरवताना पीएमआर विभाग मंजूर करा आणि एमडीच्या जागा मागा. माणसं तयार व्हायला वर्षं जातील, हे मलाही कळतं. तोवर मोठ्या शहरांतला डॉक्टर ठरलेल्या वारी जिल्हा रुग्णालयात बसवा, आणि बोर्डाचा दिवस तोच ठेवा, म्हणजे दाखल्यासाठी आलेल्याला उपचारही मिळतील. लकव्याच्या पेशंटचे पहिले तीन महिने सोन्यासारखे असतात, म्हणून डिस्चार्ज कार्डावर पुढे कुणाला आणि कधी दाखवायचं हे छापून घ्या.

आणि एक काम तर या महिन्यातही होईल. राज्यात पीएमआरचे डॉक्टर कोणत्या सरकारी रुग्णालयात, कोणत्या वारी बसतात, याची जिल्हावार यादी आरोग्य विभागानं जाहीर करावी. ती मी माझ्या दारावर लावीन.

आपली नम्र,
मराठवाड्यातली एक फिजिओथेरपिस्ट