खोडलेली ओळ

आदरणीय मॅडम,

हे पत्र सहा महिन्यांपूर्वीच लिहायचं होतं. दोन ओळी झाल्या की भरून यायचं आणि राहून जायचं. आज नेट लावून लिहायला बसले आहे.

करिअर समुपदेशनासाठी तुमच्याकडे आले तेव्हा मी 41 वर्षांची होते. 16 वर्षं हिशेबाचं काम केलं आणि नोकरी गेली. तुमच्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकीकडे चाचणी घेतली, तीन अक्षरांचा कोड आणि नोकऱ्यांची यादी हातात ठेवली. दुसरीकडच्या गृहस्थांनी मान वर न करताच सुनावलं, "या वयात आवडीनिवडी सोडा आता." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. चाचण्यांना मी नावं ठेवत नाही. हॉलंड या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवरून आपला कल कळतो; त्यातल्या आपल्याला जुळणाऱ्या तीन प्रकारांची आद्याक्षरं म्हणजे तो कोड. पण काम मला कशासाठी करायचंय, हे त्या तीन अक्षरांत कुठून येणार? आणि ते विचारायला कुणाकडे पाच मिनिटंही नव्हती.

तुम्ही विचारलंत, लहानपणी कोणासारखं व्हावंसं वाटायचं? कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचता? आणि मग, अगदी लहानपणीची एखादी आठवण. (मार्क सॅविकास या मानसशास्त्रज्ञांच्या मुलाखत-पद्धतीतले हे प्रश्न, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, याचा नोकरीशी काय संबंध?)

मी आजीच्या सुयांची आठवण सांगितली. तिला दिसेनासं झालं होतं, पण शिवण सुटलं नव्हतं. दोरा ओवायला दिवसभर कुणाला ना कुणाला हाक मारायची आणि ओशाळायची. मी सहा-सात वर्षांची असेन. शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून उशीच्या अभ्र्याला ओळीने टोचून ठेवायचे. तुम्ही म्हणालात, या आठवणीला मथळा द्या, त्यात क्रियापद हवं. मी चाचरत म्हटलं, "आजीला हाक मारावी लागू नये."

तुम्ही तोवर कागदावर लिहिलं होतं, "इतरांना मदत करण्याची आवड." क्षणभर थांबलात. आपल्या ओळीवर सरळ रेघ मारलीत आणि खाली माझं वाक्य लिहिलंत, जसंच्या तसं. मग कागद माझ्याकडे वळवून विचारलंत, "हे बरोबर आहे ना?"

मॅडम, त्या रेघेसाठी हे पत्र आहे. जाणत्या माणसाने स्वतःचे शब्द खोडून माझे ठेवावेत, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. माणुसकी म्हणतात ती मला तेव्हा पेनच्या टोकावर दिसली. आजीभोवती मदत करणारे पुष्कळ होते; तिला जड जायचं ते मागणं. हे इतकी वर्षं माझ्याच आठवणीत पडून होतं.

आता मी पैशांच्या व्यवहाराचे ऑनलाइन फॉर्म अंध व्यक्तींना एकट्याने भरता येतील असे करून घेते. चौकटीला नाव दिलेलं नसेल तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) नुसतं "एडिट" म्हणतो, समोरच्याला कळतच नाही तिथे काय भरायचंय. अशा चौकटी मी एकेक करून शोधते. हिशेबाची 16 वर्षंही वाया गेली नाहीत.

एक गृहस्थ दर वेळी अर्ध्या फॉर्मवर अडायचे आणि आम्हाला फोन करायचे. गेल्या महिन्यात त्यांचा फॉर्म पूर्ण भरून आला. मी संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत होते. फोन आला नाही.

तुमची,
दहा सुया ओवणारी