ताई, कीबोर्डवरून हात मागे घेतल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नेमणूकपत्र हाती आले त्या संध्याकाळी आपल्याला फोन केला, पण बोलताना कंठ दाटून आला आणि जे सांगायचे होते ते राहून गेले. ते आता लिहिते आहे, आणि सर्वांसमक्ष लिहिते आहे. कारण लातूर-नांदेडपासून परभणी-हिंगोलीपर्यंत ज्या मुलामुलींना ‘कोणती प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकली म्हणजे नोकरी लागेल’ हा प्रश्न झोपू देत नाही, त्यांच्याही वाचनात हे यावे असे मनापासून वाटते.

हाच प्रश्न मी आपल्याआधी अनेकांना विचारला होता. महाविद्यालयात १९९०च्या दशकाच्या आरंभीच्या टर्बो सी प्लस प्लस या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर आम्ही प्रोग्रॅम पाठ करून उतरवत असू, आणि तो का चालतो असे विचारले की ‘हे परीक्षेला येत नाही’ एवढेच उत्तर मिळे. पुढे शहरातील एका प्रशिक्षण संस्थेने जावा, पायथन, पीएचपी, अँग्युलर, रिॲक्ट अशी लांबलचक यादी आणि नोकरीची हमी छापलेले पत्रक दाखवून बाबांकडून हप्त्याहप्त्याने फी घेतली. आडतीवर मुनीम म्हणून राबणाऱ्या माणसाच्या पगारातून ते पैसे गेले, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिथे यादीतल्या प्रत्येक गोष्टीची तोंडओळख झाली, एकही अंगवळणी पडली नाही, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर आमचा फोन उचलणारेही कुणी उरले नाही.

दिवाळीत आपण औशाला माहेरी आला होता तेव्हा मी तोच प्रश्न घेऊन आले. आपण एकाही भाषेचे नाव न घेता आधी मला विचारले, की तुला काम कोणते करायला आवडेल. मग नोकऱ्यांच्या जाहिराती उघडून कोणत्या कामापुढे कोणत्या भाषेचे नाव येते, ते माझ्याकडूनच वाचून घेतले. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कामाला जावास्क्रिप्टवाचून गत्यंतर नाही. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या कितीतरी प्रणाली जावावर उभ्या आहेत. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१९ पासून कोटलिन या भाषेला पहिली पसंती दिली आहे. डेटाच्या कामात पायथनचा वावर सर्वाधिक दिसतो. आणि यांपैकी कोणतीही वाट धरली तरी एसक्यूएल सहसा टळत नाही, कारण माहिती शेवटी बहुधा कोष्टकांतच साठवलेली असते आणि ती विचारून काढण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कोष्टकांच्या कल्पनेवर आयबीएम या संगणक कंपनीत घडलेली ही भाषा आजही जाहिरातीमागून जाहिरातीत दिसत होती, आणि माझी फी घेणाऱ्यांच्या पत्रकात तिला अर्धी ओळही नव्हती.

एक भाषा आणि तिच्या जोडीला एसक्यूएल, एवढेच सध्या पुरे, असे सांगून आपण मला पायथनमध्ये बाबांची हिशोबपट्टी लिहायला लावली: सोयाबीनचे वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. त्या पट्टीने मला जे शिकवले ते कोणत्याही वर्गात मिळाले नव्हते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ का येत नाही, हे मला तिथे कळले. हा पायथनचा दोष नाही. असे दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत तंतोतंत मावतच नाहीत, म्हणून जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही हेच घडते, आणि पैशांचा हिशोब करताना डेसिमल, म्हणजे दशांश जसाच्या तसा ठेवणारा संख्येचा प्रकार, वापरावे लागते किंवा सगळी रक्कम रुपयांऐवजी पूर्ण पैशांत मोजावी लागते.

परंतु या पत्राचे खरे कारण याहून लहान आहे. पट्टी चालवून पाहताना एका शेतकऱ्याच्या नावाशी प्रोग्रॅम अडला आणि पडद्यावर इंग्रजी संदेशाच्या ओळीच ओळी उमटल्या. आतापर्यंत अशा वेळी शिकवणारा माझ्या हातून माऊस काढून घेई, भराभरा काहीतरी टाइप करी आणि ‘झाले’ म्हणून पुढच्या बाकाकडे जाई. आपले हात कीबोर्डजवळच होते. आपण ते मागे घेतले, मांडीवर ठेवले आणि म्हणालात, ‘शेवटची ओळ मोठ्याने वाच.’ मी अडखळत वाचली. ‘आता तिच्या वरची.’ स्वयंपाकघरातून जेवायला हाक आली, तीही आपण थांबवून धरली. पायथन कोणती चूक झाली ते शेवटच्या ओळीत आणि तिचे ठिकाण त्याच्या वर सांगतो, हे मी स्वतः वाचून शोधले, दुरुस्ती स्वतः केली, आणि तेवढा सगळा वेळ आपल्या चेहऱ्यावर घाईचा लवलेश नव्हता. ही मुलगी हे करू शकेल, असे त्या बसण्यातून मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितले होते. ज्याला येते त्याने न येणाऱ्याच्या शेजारी असे शांतपणे बसणे याला मी सज्जनपणा म्हणते, आणि तो विकत घेता येत नाही हे आमच्या घराने हप्ते भरून अनुभवले आहे.

नव्या नोकरीतील काम जावामध्ये आहे. भाषा बदलणार म्हणून पूर्वी मी हबकले असते. आता मी तीच हिशोबपट्टी जावामध्ये उतरवायला घेतली आहे. रकमेपाशी आल्यावर आधी बिगडेसिमल, म्हणजे जावातले डेसिमल, शोधले, आणि एसक्यूएलची कोष्टके तर जशीच्या तशी कामी आली. जावाचे चुकांचे संदेश वाचण्याची रीत थोडी वेगळी आहे. तिथे बहुधा वरून सुरुवात करावी लागते, तेही आता न घाबरता वाचते आहे.

रुजू होण्यापूर्वी आई-बाबांना घेऊन पुण्याला आपल्या घरी यावे, असे आम्ही ठरवले आहे. बाबांना आपल्याशी स्वतः बोलायचे आहे. आपल्या सोयीचा रविवार कळवावा.

आपली कृतज्ञ,
लातूरच्या मुनीमजींची मुलगी