‘ब्रिंझ’ दाकियन कशावरून?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला रोमानियातल्या चीजवरचा लेख आवडीने वाचला. पण चीजला तिथे ज्या नावाने ओळखतात तो ‘ब्रिंझ’ शब्द दाकियन, म्हणजे रोमन येण्याआधी तिथल्या दाकिया प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या भाषेतला आहे, असे त्यात ठासून लिहिले आहे. ते खटकले.

दाकियन भाषेतला एकही सलग मजकूर उरलेला नाही. हाती आहेत ती माणसांची नि गावांची नावे आणि ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसच्या ग्रंथातली काही वनस्पतींची नावे. रोमनांनी इ. स. 106 मध्ये दाकिया जिंकला आणि रोमानियन भाषेतले उपलब्ध असलेले सर्वांत जुने पत्र 1521 चे. मधल्या चौदाशे वर्षांत मेंढपाळांनी हा शब्द कुठून उचलला, ते सांगणार कोण? कुणी तो अल्बेनियनमधल्या आतड्याच्या शब्दाशी जोडतो, कारण दूध फाडायला कोकराच्या पोटातलेच रेनेट वापरत. कुणी स्वित्झर्लंडच्या ब्रिएन्झ गावाशी. मला पहिला तर्क जवळचा वाटतो, पण तो तर्कच. चीजसाठीचा लॅटिन शब्द ‘कासेउस’ही रोमानियनमध्ये ‘काश’ होऊन टिकला, मात्र ताज्या चीजपुरता. जे लॅटिन नाही नि स्लाव्हिकही नाही ते दाकियन, ही नुसती वजाबाकी झाली.

लेखात ‘ब्रिंझाज’ असे अनेकवचनही छापले आहे. शब्द स्त्रीलिंगी आहे, पण चीजचे प्रकार सांगताना ‘ब्रिंझेतुर्’ म्हणतात. हा शेवटचा ‘उर्’ एरवी नपुंसकलिंगी नामांना लागतो. मांसाला ‘कार्ने’ म्हणतात, तेही स्त्रीलिंगी, आणि त्याच्या प्रकारांना ‘कर्नुर्’. न मोजता येणाऱ्या वस्तूचे प्रकार मोजायची वेळ आली की भाषा असा वळसा घेते.

मुलीकडे गेलो असताना रोमानियातल्या ब्राशोवच्या मंडईत फर वृक्षाच्या सालीत दाबून भरलेले चीज घेतले होते. पाटीवर ‘ब्रिंझ’ लिहिले होते आणि विकणाऱ्या आजी सालीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ब्रिंझा आस्ता”, म्हणजे ‘हे चीज’. शेवटचा स्वर बदलला की कुठले तरी चीज ‘ते’ ठरावीक चीज होते. फ्रेंच, इटालियनमध्ये हे ठरावीकपणा दाखवणारे उपपद नामाच्या आधी येते, रोमानियनमध्ये मात्र अल्बेनियन नि बल्गेरियनसारखे नामाच्या शेवटी चिकटते.

रोमानियन कोशकार अशा कितीतरी शब्दांपुढे ‘व्युत्पत्ती अज्ञात’ असे सरळ लिहितात. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापताना तेवढेच दोन शब्द छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक