विश्व वाचवा, पण दर वर्षी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-विज्ञानकथेच्या नव्या मालिकांवरचा लेख वाचला. जुन्या चाहत्यांना नवे काही पचत नाही, बाईने किंवा कृष्णवर्णीयाने यानाची सूत्रे हाती घेतलेली त्यांना बघवत नाहीत, असा त्याचा एकूण सूर होता. असे चाहते आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी इतकी वर्षे नेमके काय पाहिले, हे मात्र कोडेच आहे. कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा १९६६ पासून यानाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, बसली आहे. कृष्णवर्णीय नायक सिस्को १९९३ मध्ये आला, कॅप्टन जेनवे ही बाई १९९५ मध्ये. आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा १९७९ च्या पहिल्या चित्रपटात डोक्याचा चकोट करून त्याच ब्रिजवर वावरली. तेव्हा त्या मंडळींची वकिली मला करायची नाही. पण त्यांच्या गोंगाटात आम्हा बाकीच्यांचे गाऱ्हाणे ऐकूच जात नाही, आणि ते अगदी वेगळे आहे.

स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ मालिकेतून फुटणाऱ्या नव्या मालिका, काढू नका, असे आमच्यापैकी शहाणा माणूस म्हणणार नाही. मूळ मालिका तीन वर्षे आणि ७९ भागांत आटोपली. ऐंशीच्या दशकात आमच्या पिढीने रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिली, ती हीच. त्यानंतर जे काही उभे राहिले ते फांद्यांवरच. ‘नेक्स्ट जनरेशन’लाही सुरुवातीला नाके मुरडली गेली आणि ‘डीप स्पेस नाइन’ला तर जास्तच, कारण त्यात यानाऐवजी एका जागी ठाण मांडलेले अंतराळस्थानक होते. आज तीच मालिका अनेकांची सर्वांत लाडकी आहे. चाहत्यांची कुरकुर थोडी चाळणीतून गाळूनच घ्यावी, हे मला मान्य आहे.

गाळल्यावर चाळणीत जे उरते त्याबद्दल बोलतो. माइल्स ओब्रायन घ्या. १९८७ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या भागात हा माणूस दिसतो तेव्हा त्याला नावसुद्धा नाही. पुढच्या वर्षी तो माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टर रूममध्ये उभा राहू लागतो, ‘ऊर्जा सोडा’ म्हटले की बटणे सरकवतो. कधीतरी आडनाव मिळते. १९९१ मध्ये त्याचे लग्न होते, आणि त्याआधी नवरीचे मन डळमळते, मग बिचारा यंत्रमानव डेटा दोघांमध्ये निरोप्यासारखा ये-जा करतो. त्या भागात दुसरे एक हेरगिरीचे प्रकरणही आहे, पण लोकांच्या लक्षात राहिले ते लग्न आणि डेटाचे नाच शिकणे. १९९३ मध्ये हा ओब्रायन बायको-मुलीसह ‘डीप स्पेस नाइन’वर राहायला गेला आणि तिथला एक मुख्य माणूस झाला. सहा वर्षे पार्श्वभूमीला उभ्या असलेल्या माणसातून असा सावकाश स्पिन-ऑफ उगवतो, तेव्हा कोण तक्रार करेल?

आता ‘डिस्कव्हरी’ या नव्या मालिकेतली एरियम पाहा. अर्धा चेहरा धातूचा, डोळे काचेसारखे, पहिल्या हंगामापासून ब्रिजवर हजर. ही कोण, यंत्र की माणूस, हे दीड हंगाम आम्ही एकमेकांना विचारत होतो. २०१९ मध्ये एका भागात अखेर कळते, की ती माणूसच होती. यानाच्या अपघातात नवरा गेला, ती यंत्रांच्या आधाराने जगली. तिच्या स्मृतीत जागा मर्यादित, म्हणून कोणत्या आठवणी ठेवायच्या आणि कोणत्या पुसायच्या, हे ती दर आठवड्याला निवडते. काय सुंदर कल्पना! आणि त्याच भागाच्या शेवटी तिला यानाच्या दारातून (एअरलॉकमधून) अंतराळात फेकून मारतात. पुढच्या भागात अंत्यसंस्कार, एकेक सहकारी गहिवरून बोलतो, आणि आम्ही पडद्यासमोर बसून विचार करतो की तुमची एवढी मैत्री होती हे आम्हाला कधी दाखवलेत?

दोष लेखकांचा थोडा, हिशेबाचा जास्त. पूर्वी हंगामाला २६ भाग असत. त्यातले पाच-सहा टाकाऊ निघत, हे आम्हीही जाणतो. पण त्या ऐसपैस जागेमुळेच १९९० मध्ये ‘फॅमिली’ हा भाग शक्य झाला. बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूने ‘नेक्स्ट जनरेशन’चा कॅप्टन पिकार्ड याचे शरीर-मन ताब्यात घेऊन त्याच्याच हातून आपल्या माणसांची कत्तल घडवली, त्यानंतरचा हा भाग. त्यात पिकार्ड फ्रान्सला घरी जातो, द्राक्षमळ्यात थोरल्या भावाशी चिखलात लोळून मारामारी करतो आणि हसता हसता रडू लागतो. शत्रू नाही, लढाई नाही, ब्रिजवरचा एकही प्रसंग नाही. आज दहा-पंधरा भागांच्या हंगामात असा भाग मागायला लेखक गेला, तर त्याला दार कुठले ते दाखवतील.

कारण दहा-पंधरा भागांत एकच कथा ताणायची आणि गिऱ्हाईकाने सदस्यत्व रद्द करू नये म्हणून ती अटीतटीची हवी. त्यामुळे ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या हंगामात आकाशगंगेतली सगळी बुद्धिमान जीवसृष्टी संपणार असते, तिसऱ्यात एका स्फोटमालिकेने अंतराळप्रवासच मोडीत निघालेला असतो, चौथ्यात ग्रह गिळणारी गुरुत्वाकर्षणातली विकृती पृथ्वीकडे येते. त्याच कॅप्टनवरच्या ‘पिकार्ड’ मालिकेच्या पहिल्या हंगामात पुन्हा सगळ्या जीवसृष्टीवर संकट आणि तिसऱ्यात बोर्गच्या हाती सगळे स्टारफ्लीट, म्हणजे नायकांचे अख्खे अंतराळदल. पानात नुसती पक्वान्ने, वरण-भात नाहीच.

दुसरे गाऱ्हाणे मागे वळून पाहण्याचे. पुढे जाण्याची भाषा करणारी ही मालिका सारखी मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या आधीच्या काळात शिरते. मग ‘डिस्कव्हरी’त कर्कचा साथी स्पॉक याला एक मानलेली बहीण निघते, जिचा उल्लेख त्याने ५० वर्षांत कधी केलेला नाही. ही भानगड मिटवली कशी? ‘डिस्कव्हरी’ यान बहिणीसकट नऊशे वर्षे पुढे पाठवले आणि मागे राहिलेल्यांनी त्याचे नाव काढले तर देशद्रोह समजावा, अशी शिफारस खुद्द स्पॉकच्या तोंडून करवली! हे आजच्याच लोकांचे पाप नव्हे. २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’ ही मालिका गुंडाळली, तेव्हा शेवटच्या भागात ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या रायकर आणि ट्रॉय यांना आणून बसवले, आणि चार वर्षे राबलेली मंडळी स्वतःच्याच निरोप समारंभात पाहुणी ठरली.

‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या नव्या मालिकेला मात्र श्रेय द्यायला हवे. भूतकाळातलीच असली तरी दर भागाला स्वतंत्र गोष्ट सांगते आणि गाण्यांनी भरलेला एक भागही बिनधास्त करते. ‘लोअर डेक्स’ हे कार्टून तर खालच्या मजल्यावरच्या कनिष्ठ खलाशांचे, म्हणजे ओब्रायनच्या बिरादरीचे, आणि बऱ्याच गंभीर मालिकांपेक्षा जास्त ‘स्टार ट्रेक’. ती २०२४ च्या डिसेंबरात ५० भागांवर थांबवली.

तिसरी गोष्ट आपल्या इथल्या प्रेक्षकालाही झोंबणारी. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘डिस्कव्हरी’चा चौथा हंगाम येण्याच्या अगदी तोंडावर अमेरिका-कॅनडाबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून अख्खी मालिका काढून घेतली. ‘पिकार्ड’ अ‍ॅमेझॉनवर, बाकीच्या आणखी कुठे कुठे. मुलांसाठीची ‘प्रॉडिजी’ २०२३ मध्ये रद्द झाली, एवढेच नव्हे, तर दुसऱ्या हंगामाचे काम चालू असताना पहिला हंगामही पॅरामाउंट प्लसने आपल्या सेवेवरून पुसला. चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, विमानाच्या शेपटीला फलक बांधून तो आकाशात फिरवला, तेव्हा कुठे नेटफ्लिक्सने ती घेतली आणि २०२४ मध्ये दुसरा हंगाम दिसला. मूळ मालिकेचा तिसरा हंगामही असाच चाहत्यांनी मिळवला होता. तेव्हा एवढी पत्रे गेली की १ मार्च १९६८ च्या रात्री एनबीसी या अमेरिकी वाहिनीला भाग संपल्यावर जाहीर करावे लागले, मालिका चालू राहणार आहे, आता पत्रे पाठवू नका.

यातले आपल्या हातात काय, असे कोणी म्हणेल. एक आहे. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला ओटीटीवर काय नवे आले याची चौकट असते. कोणत्या मालिका त्या महिन्यात तिथून काढल्या जाणार आहेत, हेही त्याच चौकटीत दोन ओळींत छापावे. निदान उरलेले भाग आम्ही जागून पाहून घेऊ.

आपला,
एक जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)